पुरुषाच्या लेखणीतील स्त्री, स्त्रीच्या लेखणीतील पुरुष : पेडणे परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

कादंबरी किंवा नाटक शिकवताना महाविद्यालयाच्या वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. पुरुष लेखकाने रंगवलेली स्त्री खरी मानावी काय? क्वचित त्याची उलट बाजूही निघते. स्त्रीने लिहिलेला पुरुष पुरुषाला पटतो काय? या प्रश्नाला सहसा दोन ठराविक उत्तरे दिली जातात. प्रतिभेला लिंग नसते, थोर लेखक कोणाच्याही मनात शिरू शकतो, हे पहिले उत्तर. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणून स्त्रीचे दुःख स्त्रीनेच लिहावे, हे दुसरे. पहिल्या उत्तराने विद्यार्थिनींची शंका मिटत नाही, आणि दुसरे मान्य केले तर मराठीतील निम्म्याहून अधिक गद्य वाङ्मय बाद करावे लागते. दोन्ही उत्तरांत एक समान उणीव आहे. लेखक कोण आहे याची चौकशी ती करतात. पात्र कसे घडले, त्याच्या तोंडी कोणती भाषा घातली, ते कोणासमोर बोलते आणि त्याचे म्हणणे ऐकून कोण घेतो, याची चौकशी करीत नाहीत.

प्रस्तुत लेखात हा विषय गोव्याचा पेडणे तालुका आणि त्याला लागून असलेला सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा मुलूख यांच्या आधाराने तपासला आहे. हा परिसर निवडण्याची कारणे दोन. येथील दशावतारात पुरुषांनी पिढ्यानपिढ्या स्त्रीपात्रे केवळ वठवली नाहीत, तर त्यांची भाषणेही स्वतः रचली. दुसरे कारण असे की, पेडण्याचे नाव आडनावात वागवणाऱ्या एका स्त्रीने विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी रंगभूमीसाठी नाटके लिहिली, आणि तिची स्त्रीपात्रे रंगमंचावर पुरुषांच्या देहातून उभी राहिली. एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू इतक्या जवळ क्वचित सापडतात.

परिसर आणि भाषा

पेडणे हा पूर्वी सावंतवाडी संस्थानचा भाग होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पोर्तुगीजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत गणला जाऊ लागला. सरहद्द बदलली तरी सोयरिकी, देवस्थाने, जत्रा आणि नाटके यांचे व्यवहार तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर चालूच राहिले. तालुक्याच्या उत्तर भागातील मोपा हे पठारावरचे गाव. मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे, उगवे अशा गावांच्या पठारी जमिनींवर काजूच्या बागा आणि गुरांची चरणी होती. ११ डिसेंबर २०२२ रोजी येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली, आणि गावाचे नाव देशभर पोहोचले.

या भागात घरची बोली एक आणि लिहिण्यावाचण्याची भाषा दुसरी अशी विभागणी आहे. घरात कोकणीची पेडणेकरी धाटणी किंवा मालवणीला जवळची बोली. शाळा, कीर्तन, पोथी आणि नाटक यांत मराठी. पात्रनिर्मितीच्या दृष्टीने ही विभागणी महत्त्वाची आहे. परलिंगाचे पात्र लिहिणाऱ्याला येथे दोन उंबरठे ओलांडावे लागतात. एक लिंगभेदाचा आणि दुसरा स्वयंपाकघरातील बोलीपासून पोथीच्या भाषेपर्यंतचा. दुसरा उंबरठा टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटतो.

दशावतार : न लिहिलेली स्त्री

कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळे देवळासमोर रात्रभर खेळ करतात. आरंभी आडदशावतार, म्हणजे गणपती, सरस्वती, संकासुर इत्यादींचा पूर्वरंग; त्यानंतर मुख्य आख्यान. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. नेपथ्य म्हणून एक बाकडे पुरते. या नाट्यप्रकाराचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे की त्याला लिखित संहिता नसते. खेळाआधी आख्यान ठरते, कोणी काय व्हायचे आणि प्रवेश कोणत्या क्रमाने यायचे हे सांगितले जाते, आणि पुढची भाषणे नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. त्यासाठी ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांसारख्या ग्रंथांचे वाचन, ऐकलेली कीर्तने आणि जुन्या नटांच्या संगतीत मुरलेली वाक्ये त्याच्या पदरी असतात.

नटांची वाटणीही ठरलेली. राजाची कामे करणारा राजपार्टी, दुष्टाची कामे करणारा खलपार्टी आणि स्त्रीची कामे करणारा स्त्रीपार्टी. परंपरेने हे सर्व पुरुषच. बालगंधर्वांसारखा नट देवल, खाडिलकर किंवा गडकरी यांनी लिहिलेली स्त्री सादर करीत असे. दशावतारातील स्त्रीपार्टी नट मात्र स्वतःच आपल्या पात्राचा लेखक असतो. द्रौपदीने सभेत कोणता प्रश्न विचारावा, तारामतीने स्मशानात राजाला काय म्हणावे, सवतीने सवतीला कोणत्या शब्दांत टोचावे, हे तो त्या क्षणी ठरवतो. म्हणून पुरुषाने स्त्रीपात्र रचण्याचा प्रश्न या परिसरात छापील पुस्तकाच्या कितीतरी आधी निर्माण झाला आणि देवळाच्या प्रांगणात रात्रीमागून रात्री सोडवला गेला असे म्हणता येईल.

हा नट आपली स्त्री कोठून आणतो? लुगडे, गंगावन, हातवारे, चाल आणि मान वळवण्याची रीत तो घरातील व गावातील स्त्रियांच्या निरीक्षणातून उचलतो. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या नटांच्या स्त्रीभूमिका स्त्री-प्रेक्षकांनाही आपल्याशा वाटतात, यामागे हेच निरीक्षण आहे. समोरच्या प्रेक्षकांत आयाबहिणी बसलेल्या असतात ही गोष्टही लहान नाही. लेखक आपली स्त्री एकांतात लिहितो; स्त्रीपार्टीची स्त्री ताबडतोब स्त्रियांच्या परीक्षेला बसते. चुकीचा सूर लागला तर तो तेथल्या तेथे पडतो.

तरीही या स्त्रीची एक स्पष्ट मर्यादा आहे, आणि ती भाषेत दिसते. दशावतारात राजा, राणी, देव-देवता प्रौढ, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. गावची बोली येते ती विनोदी पात्रांच्या तोंडी. परिणामी घरातील स्त्रीचा देह आणि हालचाल रंगमंचावर आली, पण तिची जीभ आली नाही. राणी रडते ती पोथीच्या शब्दांत. ज्या शब्दांत चांदेलची किंवा मोप्याची बाई आपल्या नवऱ्याशी भांडते, ते शब्द उमटताच प्रेक्षकांत हशा पिकतो, कारण ते शब्द विनोदाच्या घरात ठेवलेले आहेत. पुरुष नट स्त्रीच्या मनात शिरू शकला की नाही, यापेक्षा हा प्रश्न अधिक टोकदार आहे. ज्या बोलीत तिचे दुःख घडते, ती बोली गंभीर मानली जाते काय?

या टप्प्यावर उर्दूतील एका काव्यप्रकाराची आठवण उपयोगी पडते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सआदत यार खान ‘रंगीन’, इन्शा आणि पुढे जानसाहेब यांनी ‘रेख्ती’ हा प्रकार रूढ केला. त्यात पुरुष कवी स्त्रीच्या तोंडून बोलतो. जानसाहेब मुशायऱ्यात ओढणी घेऊन रेख्ती वाचत असे सांगितले जाते. दशावतारापेक्षा येथील स्थिती उलटी आहे. रेख्तीत जनानखान्यातील स्त्रियांची खास बोली, त्यांचे वाक्प्रचार आणि शपथा जशाच्या तशा आल्या. बेगमांच्या भाषेचा एवढा साठा अन्यत्र क्वचितच मिळतो. परंतु ती बोली पुरुषांच्या मैफिलीत पुरुषांच्या करमणुकीसाठी आली. दशावताराने स्त्रीला आदर दिला, बोली दिली नाही. रेख्तीने बोली दिली, आदर बऱ्याच अंशी काढून घेतला. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून शिकवले तर असे लक्षात येते की बोली वापरणे हा परलिंगी पात्राच्या खरेपणाचा आवश्यक निकष असला तरी तो पुरेसा नाही. ती बोली कोणासमोर आणि कशासाठी वापरली, हेही पाहावे लागते.

मराठीतही शाहिरांच्या लावणीत पुरुष स्त्रीच्या मुखाने बोलतो. पेशवाईच्या अखेरच्या काळातील सगनभाऊ हे मुसलमान शाहीर या परंपरेतील अग्रगण्य नाव होय. विरहिणीचा सूर संतांच्या रचनांतही आहे. म्हणजे स्त्रीचा आवाज उसना घेणे ही आपल्याकडील नवी गोष्ट नाही. नवी गोष्ट आहे ती त्या उसनवारीचा हिशोब मागण्याची.

धालो : उलट बाजू

याच परिसरात स्त्रियांचा स्वतःचा एक रंगमंच आहे. पौष महिन्यात पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत धालो रंगतात. मांडावर अधिकार स्त्रियांचा. रात्री त्या समोरासमोर ओळी धरून गातात, नाचतात, आणि अखेरच्या दिवसांत सोंगेही घेतात. त्यात पुरुषांची सोंगे असतात. वर्षभर जे पुरुष घरात व वाटेवर दिसतात, त्यांची चाल, त्यांचा रुबाब आणि त्यांचे पोकळ शब्द स्त्रिया एकमेकींना करून दाखवतात.

साहित्यसमीक्षेने या सोंगांकडे ‘लोककला’ म्हणून पाहिले आणि पुढे सरकली. वास्तविक येथे स्त्रीने रचलेले पुरुषपात्र आहे, आणि तेही पुरुषाच्या देखरेखीबाहेर. दशावतारातील स्त्रीपार्टी नटाला स्त्रिया पाहतात, त्यामुळे त्याच्या पात्राची तपासणी होते. धालोतील पुरुषाचे सोंग पुरुष पाहत नाही, म्हणून ते मोकळे आहे. पण त्याच कारणाने ते मांडाबाहेर पोहोचत नाही. जत्रेचा खेळ सगळ्या गावाचा ठरतो, मांडावरचा खेळ ‘बायकांचा’ राहतो. स्त्रीने लिहिलेला पुरुष मराठीत कमी आढळतो याचे एक कारण येथे मिळते. त्याची निर्मिती थांबलेली नव्हती. त्याला प्रेक्षक दिला गेला नाही.

हिराबाई पेडणेकर : लेखणी स्त्रीची, देह पुरुषाचा

हिराबाई पेडणेकर यांचा जन्म १८८५ च्या सुमारास सावंतवाडीत एका नायकीण घराण्यात झाला. आईच्या मागे त्या मावशीकडे मुंबईत वाढल्या. संगीताचे शिक्षण त्यांना भास्करबुवा बखले यांच्याकडे मिळाले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्या वाङ्मयीन गुरू मानीत. त्यांचे ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक १९०४ मध्ये आले आणि ‘संगीत दामिनी’ १९१२ मध्ये. ‘दामिनी’ केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यांच्या आधी १८९६ मध्ये सोनाबाई केरकर यांचे संभाजी महाराजांवरील नाटक प्रसिद्ध झाले होते; त्याही कलावंत समाजातल्याच. आरंभीच्या मराठी स्त्री-नाटककारांतील दोघी ज्या समाजाने गाणे सांभाळले पण प्रतिष्ठा मिळवली नाही त्या समाजातून याव्यात, हे लक्षणीय आहे.

दोघींच्याही विषयांत पुरुषपात्रे मध्यभागी आहेत. सोनाबाईंनी छत्रपती संभाजी घेतले, हिराबाईंनी पहिल्याच नाटकासाठी जयद्रथ घेतला. महाभारताच्या वनपर्वात जयद्रथ एकट्या द्रौपदीला पळवून नेतो, पांडव त्याला पकडतात आणि भीम त्याचे मुंडन करून पाच शेंड्या ठेवतो. म्हणजे स्त्रीवर हात टाकणाऱ्या राजाची फजिती हा या कथेचा गाभा होय. स्त्रीने पुरुषपात्र लिहायला घेतले तेव्हा तिने विजयी नायकाऐवजी अपमानित अपराधी निवडला, याची नोंद मराठी नाट्येतिहासाने ठळकपणे घ्यायला हवी होती.

आता त्याच काळातील दुसरी बाजू पाहावी. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘मृच्छकटिक’मधून गणिका वसंतसेनेला मराठी रंगभूमीवर आणले होते. १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने केले. त्यातील रेवती नायकिणीच्या घरची, आणि ती भूमिका बालगंधर्वांची. म्हणजे नायकीण या पात्राचा लेखक पुरुष, नट पुरुष आणि त्या पात्राला लाभलेली लोकप्रियता अमाप. खरी नायकीण मात्र त्याच वेळी लेखणी हातात धरून पौराणिक व कल्पित कथानके लिहीत होती. नायकिणीच्या घराचे आतून केलेले चित्रण तिच्याकडून रंगभूमीला मिळाले नाही. याचा दोष तिच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या समाजात वसंतसेना व रेवती चालतात, पण लेखिकेच्या जन्माची चर्चा तिच्या नाटकाआधी सुरू होते, तेथे स्वतःचे घर नाटकात मांडणे ही तिच्यासाठी कलेची निवड राहत नाही.

हिराबाईंच्या स्त्रीपात्रांचा प्रवास आणखी विलक्षण आहे. तेव्हाच्या प्रतिष्ठित मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुष करीत. स्त्रियांनी चालवलेल्या काही मंडळ्या होत्या, पण त्यांना मान नव्हता. त्यामुळे स्त्रीने लिहिलेली नायिका पुरुषाच्या आवाजातून आणि अंगविक्षेपातून प्रेक्षकांसमोर गेली. लेखिकेला अभिप्रेत असलेली स्त्री आणि पुरुष नटाने परंपरेने आत्मसात केलेली स्त्री यांत अंतर पडले असणार. त्या अंतराचा हिशोब कोणी ठेवला नाही. स्त्री-पुरुष नटांनी एकत्र काम करण्याला प्रतिष्ठा मिळायला १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’पर्यंत थांबावे लागले. त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या, आणि त्याही मूळच्या गोव्याच्याच.

हिराबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे काढली आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावर आधारलेले ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले. जी स्त्री लेखक होती ती येथे पुरुषाने लिहिलेले पात्र झाली. आज सामान्य वाचकाला हिराबाई माहीत असल्याच तर बहुधा या नाटकामुळे किंवा नामवंत साहित्यिकांशी असलेल्या त्यांच्या स्नेहामुळे. त्यांची स्वतःची नाटके अभ्यासक्रमात क्वचितच दिसतात. पुरुषाने स्त्रीपात्र लिहावे की नाही, या वादापेक्षा ही स्थिती अधिक गंभीर आहे. पात्र म्हणून स्त्री सर्वांना हवी असते. लेखक म्हणून तिचे पुस्तक शोधावे लागते.

गद्यातील स्त्री : कोण बोलते, कोण ऐकते

मराठी कादंबरीत पुरुषाने स्त्रीच्या प्रथमपुरुषी निवेदनातून लिहिण्याचा पहिला मोठा प्रयत्न हरि नारायण आपटे यांचा. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली, तेव्हा आपटे सव्वीस वर्षांचे होते. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. सासर-माहेरचे बारीक व्यवहार, बायकांची आपसांतील बोलणी, दबलेला विनोद आणि अखेर विधवेच्या वाट्याला येणारी विटंबना हे सारे तिच्याच भाषेत येते. तारीख पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्याच्या आठच वर्षे आधी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या पुस्तकांत स्त्रीला कसे रंगवले जाते यावर खरमरीत टीका केली होती. परलिंगी पात्रनिर्मितीची मराठी समीक्षा एका स्त्रीने सुरू केली, हे अध्यापनात आवर्जून सांगितले पाहिजे.

आपट्यांच्या तंत्रात लेखक पूर्णपणे लपतो. यमूच जणू लिहीत आहे असा आभास टिकतो. १८९९ मधील मिर्झा हादी रुस्वा यांच्या ‘उमराव जान अदा’ची रीत निराळी आहे. तेथे रुस्वा हेच एक पात्र आहे. उमराव सांगते, रुस्वा ऐकतो, मध्ये प्रश्न विचारतो, आणि लिहिलेले तिला वाचायला देतो. आपली हकीकत कागदावर पाहून तिला प्रथम राग येतो. पुरुष लेखकाने रचलेल्या स्त्रीने त्या लेखनाचा जाब मागावा, ही सोय कादंबरीतच करून ठेवलेली आहे. रुस्वा तिच्या मनाचा मालक होत नाही; श्रोता राहतो. यमू अधिक जिव्हाळ्याची आहे, उमराव अधिक स्वतंत्र आहे. हा फरक दोन्ही लेखकांच्या सहानुभूतीत शोधून सापडणार नाही. तो निवेदनाच्या मांडणीत आहे.

सिंधुदुर्गातील मिठबावचे पु. शि. रेगे यांनी ‘सावित्री’त (१९६२) तिसरा मार्ग घेतला. सावित्री पत्रे लिहिते. ज्याला लिहिते त्याची उत्तरे वाचकाला मिळत नाहीत. पुरुष येथे गप्प आहे. पुरुष लेखकाने आपल्या कादंबरीतील पुरुषाचा आवाज काढून घेऊन स्त्रीला सगळी जागा दिली, ही साधी युक्ती नव्हे. मात्र सावित्री फार निवांत जगात वावरते. तिला पाणी भरावे लागत नाही, उधारी मागावी लागत नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक हिच्या अगदी उलट. विदर्भातील गरीब शिंपी कुटुंबातली कौतिक आपल्या कामातून, भुकेतून आणि वऱ्हाडी बोलीतून उभी राहते. शेळक्यांनी तिच्या मनाचे विश्लेषण करण्याचा अट्टाहास धरलेला नाही. तिचे हात काय करतात हे त्यांना नेमके ठाऊक आहे, आणि तेवढ्याने मन कळते.

पेडण्याच्या सीमेपलीकडील आरवलीचे जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांचा जन्म गोव्यातील हडफड्याचा. भाविणींच्या जीवनाची पार्श्वभूमी असलेली ‘महानंदा’, झोपडपट्टीतील स्त्रीला केंद्रस्थानी आणणारी ‘चक्र’ (१९६३) आणि बलात्कारित शिक्षिकेच्या सूडाचे ‘पुरुष’ (१९८२) हे नाटक पाहता त्यांचा स्त्रीपात्रांचा पल्ला मोठा आहे. ‘पुरुष’मधील अनुभव उपदेशक ठरावा असा आहे. नाटक अंबिकेच्या बाजूने लिहिलेले असूनही प्रेक्षकांच्या स्मरणात अधिक राहिला तो नाना पाटेकरांनी उभा केलेला गुलाबराव. लेखकाचा न्याय स्त्रीच्या बाजूने असला तरी संवादांतील जोम पुरुषपात्राकडे जाऊ शकतो. सहानुभूती आणि चैतन्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्राला न्याय मिळाला की नाही हे पाहताना दोन्हींची झडती घ्यावी लागते.

दुहेरी अंतर

लिंगाबरोबर धर्मही वेगळा असेल तर अंतर दुप्पट होते. गोव्यातील कोकणी लेखक दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ (१९८१) याचे उत्तम उदाहरण होय. हिंदू पुरुषाने येथे कुवेतला आया म्हणून जाणाऱ्या गरीब ख्रिस्ती स्त्रीची कहाणी लिहिली. १९८३ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मावजोंचा जन्म आणि वास्तव्य माजोर्ड्याचे; ख्रिस्ती शेजाऱ्यांचे बोलणे, सण, कर्ज आणि परदेशी पैशाची ओढ त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. परक्या धर्मातील स्त्री लिहिताना त्यांनी धर्माचे प्रदर्शन मांडले नाही, तिची नोकरी मांडली. मुस्लिम स्त्रीचे चित्रण करणाऱ्या मराठी लेखकांपुढे हा धडा ठेवावा असा आहे. मराठीतील अनेक कथांत मुस्लिम स्त्री बुरख्यापासून सुरू होते आणि तलाकाशी संपते. मधला दिवसभर ती काय करते, कोणाशी हसते, बचत कोठे ठेवते, मुलाचा अभ्यास कोणत्या भाषेत घेते, हे लेखकाला ठाऊक नसते आणि विचारण्याची गरजही वाटत नाही. अंतर मोठे असण्यात दोष नाही. अंतर पार न करता निकाल देण्यात दोष आहे.

अध्यापनासाठी काही कसोट्या

वरील विवेचनावरून वर्गात वापरता येतील अशा चार कसोट्या सुचतात.

पहिली, बोलीची. पात्र ज्या भाषेत बोलते ती त्याच्या जगण्यातली आहे काय, आणि ती गंभीर प्रसंगी टिकते की केवळ हशासाठी येते?

दुसरी, कामाची. पात्राचे हात दिवसभर काय करतात हे लेखकाला माहीत आहे काय? पुरुषाने लिहिलेली स्त्री अनेकदा फक्त प्रेम करते, वाट पाहते आणि रडते. स्त्रीने लिहिलेला पुरुषही काही वेळा फक्त छळतो किंवा फक्त समजून घेतो. त्याची नोकरी, धास्ती, मित्र आणि कर्ज कोठेच नसते.

तिसरी, श्रोत्याची. पात्र कोणाला उद्देशून बोलते, आणि त्या बोलण्याचा जाब लेखकाला कोणी विचारू शकतो काय? उमराव रागावते, जत्रेतील आयाबहिणी नाक मुरडतात. जेथे असा प्रतिसाद शक्यच नाही तेथे लेखकाने अधिक सावध असावे.

चौथी, शिलकीची. कथानकाला ज्याची गरज नाही असे काही पात्राकडे उरते काय? एखादी आवड, एखादा हट्ट, एखादे गुपित. सर्व काही लेखकाच्या सिद्धांतासाठी खर्ची पडले असेल तर ते पात्र माणूस न राहता दाखला होते. या कसोटीवर स्त्रीची बाजू घेणारी कितीतरी सुधारणावादी पुस्तके नापास होतात.

या चारही कसोट्या लेखकाचे लिंग विचारात न घेता लावता येतात, आणि म्हणूनच त्या दोन्ही दिशांना सारख्या लागू पडतात. स्त्री असण्याने बोली व काम यांचे ज्ञान सोपे होते, आपोआप होत नाही. सुशिक्षित शहरी लेखिकेला पठारावरच्या मजूर स्त्रीचा दिवस तितकाच शोधावा लागतो जितका पुरुषाला. आणि पुरुष असल्याने वाट बंद होत नाही. फक्त विचारपूस अधिक करावी लागते.

समारोप

तरीही एक भेद नाकारता येत नाही. पुरुषाने लिहिलेल्या स्त्रीला मराठीत मंच, छापखाना, चित्रपट आणि अभ्यासक्रम मिळाले. स्त्रीने लिहिलेल्या पुरुषाला, आणि स्त्रीने लिहिलेल्या स्त्रीलाही, ते बराच काळ मिळाले नाहीत. यमू शंभर वर्षांहून अधिक काळ शिकवली जात आहे. हिराबाईंचा जयद्रथ विस्मृतीत गेला. म्हणून ‘कोणी कोणाला लिहावे’ याबाबत मनाई करणे निरर्थक असले, तरी ‘कोणाचे लिहिणे वाचायला दिले’ हे विचारणे आवश्यक आहे.

पेडणे परिसरातील अध्यापकांच्या हाती या बाबतीत काही करण्याजोगे आहे. मोप्याच्या पठारावर एका पिढीत जगण्याची रीत बदलली. काजूच्या बागेत बिया गोळा करणारी, गुरांमागे फिरणारी स्त्री आणि विमानतळावर नोकरी करणारी तिची मुलगी एकाच घरात राहतात. अशा घराची मराठी कादंबरी उद्या लिहिली जाईल. ती पुरुष लिहील की स्त्री, हे आधी ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. पण लिहिणाऱ्याच्या हाताशी त्या घरातील बोली, कामाचे शब्द, धालोची सोंगे आणि स्त्रीपार्टी नटांची स्मरणातील भाषणे असली पाहिजेत. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थी हे सारे आपल्या घरांतून टिपून आणू शकतात. मुलांनी आजीचे बोलणे लिहून घ्यावे, मुलींनी बापाच्या कामाचा दिवस लिहून काढावा, आणि लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवावे. आजी हसली, रागावली किंवा ‘असां न्हय’ म्हणाली, तर परलिंगाचे पात्र लिहिण्याचा पहिला पाठ तेथेच मिळेल.